आठीला हमीभाव

आमच्या सोयगाव तालुक्याला जिवाणूचं विष नवं नाही. २६ मार्च २००२ रोजी दिल्लीत बीटी कापसाला मंजुरी मिळाली आणि एका जिवाणूचं विष सरकारच्या परवानगीने आमच्या शेतात उभं राहिलं. पुढच्या महिन्यात, एप्रिल २००२ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दुसऱ्या एका जिवाणूच्या विषाला माणसाच्या कपाळात शिरायची मुभा दिली. पहिलं बोंडअळीसाठी, दुसरं आठीसाठी. पहिल्याची पाकिटं दोन-चार हंगामांत आमच्या पोरांनाही तोंडपाठ झाली. दुसरं मात्र अजून तालुक्याला आलेलं नाही. आमच्या मामीच त्याच्याकडे गेल्या.

निमित्त थोरल्याच्या लग्नाचं. जळगावला साखरपुडा झाला, संध्याकाळपर्यंत फोटो मोबाइलवर आले आणि मामींनी ते बोटांनी मोठे करकरून पाहिले. विहीणबाई वयाने बरोबरीच्या, पण फोटोत नवरीची मोठी बहीण शोभाव्यात अशा. शेजारी मामी उभ्या, दोन भुवयांच्या मध्ये दोन खोल रेघा घेऊन. त्यात मावशीचा फोन आला, "हुंड्यावरून काही वाजलं का गं तिथे? रागावलेली दिसतेस." मामी रागावलेल्या नव्हत्या. उन्हाकडे तोंड करून उभ्या होत्या, एवढंच. तीस वर्षं कापसाच्या वावरात उन्हाकडे डोळे बारीक करून पाहिलं की कपाळ तीच घडी धरून बसतं. इस्त्री केली तरी जुनी घडी जात नाही, हे मामींना लुगड्यांवरून माहीत होतं. कपाळाची इस्त्री निघाली आहे हे त्यांना विहीणबाईंकडून कळलं.

मामांनी ऐकलं आणि त्यांना धक्काच बसला. "फवारणीच्या वेळी तोंडाला फडकं बांधा म्हणून माझ्या मागे लागते, अन् आता पदरचे पैसे देऊन विष टोचून घेणार?"

मामांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चूक नव्हतं. बोटॉक्स म्हणून जे टोचतात ते बोटुलिनम हे माणसाला माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत नासक्या सॉसेजमुळे माणसं दगावू लागली, तेव्हा युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने त्याचा छडा लावायचा प्रयत्न केला. हा डॉक्टर कवीही होता, त्यामुळे थोडं विष स्वतःवरच चाखून पाहण्याचा उद्योग त्याने केला, याचं आपल्याला फारसं नवल वाटायला नको. याच विषाचा कधीतरी औषध म्हणून उपयोग होईल, असंही त्याने तेव्हाच लिहून ठेवलं. पुढे १८९५ साली बेल्जियममधल्या एका खेड्यात अंत्ययात्रेला वाजवायला आलेल्या वाजंत्र्यांना खारवलेल्या मांसातून बाधा झाली, तिघे गेले आणि फान एर्मेंगेम या संशोधकाने त्या मांसातून जिवाणू शोधून काढला. मयताला वाजवायला जावं आणि विज्ञानाच्या इतिहासात जाऊन पडावं, असं नशीब आमच्याकडच्या एकाही बँडपथकाच्या वाट्याला आलेलं नाही.

विषाचं औषध झालं ते डोळ्यांच्या दवाखान्यात. सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर ते अगदी थोडं थोडं वापरून पाहिलं आणि १९८९ साली त्याला मान्यता मिळाली. व्हँकुव्हरच्या जीन कॅरुथर्स या डोळ्यांच्याच डॉक्टर. पापण्या आपोआप मिटण्याचा आजार असलेल्या बाईला त्या हे इंजेक्शन द्यायच्या. एकदा त्यांनी भुवईच्या मध्ये टोचलं नाही, तर बाई कुरकुरली, की तिथे टोचलंत की माझा चेहरा कसा निवांत दिसतो. नवरा, ॲलिस्टर, त्वचेचा डॉक्टर. दोघांनी दवाखान्यात फोन घेणाऱ्या बाईच्या कपाळावर पहिला प्रयोग केला आणि १९९२ साली शोधनिबंध छापला. नवराबायकोने एकमेकांच्या धंद्यात लक्ष घातलं की नेहमी भांडणच होतं असं नाही, याचं हे एक बऱ्यापैकी उदाहरण.

जळगाव आम्हाला जवळ पडतं, पण मामींना विहीणबाईंच्या गावात हे काम करायचं नव्हतं. म्हणून फर्दापूर, अजिंठ्याचा घाट, सिल्लोड असं करत शंभरेक किलोमीटरवर संभाजीनगर. मी गाडी चालवायला, मामा पैसे द्यायला. त्वचारोगतज्ज्ञ बाई तरुण होत्या आणि त्यांनी आधी भरपूर प्रश्न विचारले, हे मला आवडलं. दिवस गेलेत का किंवा अंगावर पाजता का, हा प्रश्न पन्नाशी गाठलेल्या मामींना विचारल्यावर मामी लाजल्या. पण तो सगळ्यांनाच विचारायचा असतो, कारण गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना हे देत नाहीत. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायू दुबळे करणारा आजार असेल तर देत नाहीत. टोचायच्या जागी पुटकुळी पिकलेली असेल तर ती बरी होईपर्यंत थांबतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा नुकतीच जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविकांची इंजेक्शनं झाली असतील तर तेही सांगावं लागतं. जो डॉक्टर यातलं काही न विचारता सुई भरायला घेतो, त्याच्यासमोरून उठून यावं.

मग बाटली आली. अंगठ्याएवढी, फ्रिजमधून काढलेली, दोन ते आठ अंशांत सांभाळलेली. मामींनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, "व माय, ही तर रिकामीच आहे!" डॉक्टरांनी तळाशी बोट दाखवलं. तिथे धुक्यासारखा एक पांढरा पापुद्रा होता, आणि त्यातही बहुतेक मीठ आणि प्रथिनाची भर. खरं विष नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशात. त्यात सलाइनचं पाणी सोडलं, इन्सुलिनच्या असते तसल्या बारीक सुईच्या सिरिंजमध्ये भरलं आणि डॉक्टर म्हणाल्या, "आता जरा आठ्या घाला बरं."

आणि मामींना आठी पडेना! परक्या गावी, चांगलं पातळ नेसून, शिकलेल्या बाईसमोर बसल्यावर मामींच्या चेहऱ्यावर आपोआप येतं ते पाहुण्यांपुढचं हसू. "रागवा", "काहीतरी आठवा", "उन्हात बघताय असं समजा", सगळं करून झालं. मामी अधिकच गोड हसायला लागल्या. शेवटी डॉक्टरांनी दार उघडून मामांना आत बोलावलं. मामा उंबऱ्यावर उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "अजून किती वेळ? सिल्लोडला भजी संपतील." दोन्ही रेघा जागच्या जागी हजर. डॉक्टरांनी पांढऱ्या पेन्सिलीने पटापट पाच ठिपके काढले, मधोमध एक आणि दोन्ही भुवयांवर दोन-दोन. माझ्या मते त्या दिवशी फीमध्ये मामांची काही टक्केवारी निघायला हवी होती.

एकेका ठिपक्यात चार, अशी एकूण वीस युनिटं. 'युनिट' म्हणजे काय हे मामांनी विचारलं, कारण खतापासून विजेपर्यंत मापात मारलं जाण्याचा त्यांना अनुभव. उत्तर असं, की एक युनिट म्हणजे उंदरांच्या एका गटात प्रत्येकाला दिलं तर निम्मे उंदीर मरतील एवढं विष. मामांनी मनातल्या मनात हिशेब केलेला दिसला, कारण त्यांनी मामींकडे जरा आदराने पाहिलं. माणसाला मारायला अडीच-तीन हजार युनिटं लागतील असा अंदाज आहे, त्यामुळे वीस युनिटांत काळजीचं कारण नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. एका कंपनीचं युनिट आणि दुसरीचं युनिट मात्र सारखं नसतं. म्हणून शेजारणीने 'मला पन्नास दिली' म्हटलं की आपणही पन्नास मागू नयेत.

आत गेल्यावर ते करतं काय? मेंदूचा निरोप चेतातंतूतून खाली येतो, तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायू आकसतो. हे विष त्या रसायनाला सुटूच देत नाही. तहसीलमध्ये साहेब आहेत, फाइल आहे, सहीही झाली आहे, पण शिपाई रजेवर आहे, असा हा प्रकार. काम होत नाही, आणि साहेबांना वाटतं आपण केलं. तीन-चार महिन्यांनी शिपाई कामावर रुजू होतो, आणि आठीही.

बिल आठ हजारांच्या घरात झालं. मामांनी तिथल्या तिथे त्याचा कापूस केला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. म्हणजे एका आठीला एक क्विंटल, आणि वर्षभर कपाळ साफ ठेवायचं तर तीन क्विंटल. "अन् माझ्या कापसाला तर हमीभावही मिळत नाही," हे वाक्य त्यांनी घाट उतरेपर्यंत तीन वेगवेगळ्या चालींत म्हटलं.

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. "पाणी टोचलं," मामा म्हणाले. हे आधीच सांगून ठेवलेलं होतं. फरक तीन-चार दिवसांनी दिसू लागतो, पुरता यायला पंधरवडा लागतो. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी सुई घेऊ नये, निदान महिनाभर आधी घ्यावी. त्या दिवशी टोचलेली जागा चोळायची नाही, चार तास आडवं पडायचं नाही आणि जड काम करायचं नाही. 'जड काम नाही' हा डॉक्टरांचा हुकूम मामींनी कागदावर लिहून घेतला आणि अजून तो फ्रिजवर चिकटवलेला आहे.

पंधरवड्याने कपाळ खरोखर गुळगुळीत झालं. आणि घर बंद पडलं. तीस वर्षं मामांचा संसार त्या दोन रेघांकडे बघून चालला होता. पाहुण्यांसमोर पैशांचा विषय काढू नये, दुसऱ्यांदा चहा मागू नये, बहिणीला किती द्यायचे ते आत्ता बोलू नये, हे सगळं मामा कपाळावर वाचायचे आणि जागीच गप्प व्हायचे. आता वर पाहिलं तर कपाळ स्वच्छ. मामा समजले, परवानगी आहे. त्यांनी एका बैठकीत भाच्याला मोटारसायकलसाठी पैसे कबूल केले, पाराच्या मंडळींना जेवायला बोलावलं आणि वरातीत घोडाही ठरवला. मामींना जे पूर्वी नुसत्या आठीने भागायचं, ते आता शब्दांत आणि वरच्या पट्टीत सांगावं लागतं. सून यायच्या आधीच घराचा आवाज वाढला. सासू म्हणून पुढे काय होणार, हा प्रश्न मी मामींना विचारलेला नाही.

मामींची बातमी फुटल्यावर गावातल्या पोरींनी सांगितलं, की एवढ्या लांब कशाला गेलात, पार्लरमध्ये पाटी आहे 'बोटॉक्स' म्हणून. आहे. ते केसांचं. हेअर बोटॉक्समध्ये बोटुलिनमचा थेंबही नसतो. केसांना लावायचा तो नुसता लेप आहे. क्रीमच्या डबीवर 'बोटॉक्ससारखा परिणाम' असं लिहिलेलं असतं, तेही तितपतच, कारण हे विष कातडीवर चोळून स्नायूपर्यंत पोचत नाही. मात्र कुठल्या पार्लरमध्ये खरोखरच सुई बाहेर निघाली, तर आपण बाहेर निघावं. हे काम त्वचारोगतज्ज्ञाचं किंवा प्लॅस्टिक सर्जनचं आहे. चेहऱ्यावर एका बोटाच्या अंतरावर दुसरा स्नायू असतो, आणि औषध थोडं खाली सरकलं तर आठीऐवजी पापणी पडते. ती काही आठवड्यांनी उठते, पण तोवर माणूस सगळ्या गावाला डोळा मारत फिरतो. डोकेदुखी, निळा डाग, एक भुवई भलतीकडे चढणं, हे किरकोळ. गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला तर मात्र घरगुती उपाय नाही, थेट दवाखाना. असं क्वचितच होतं, पण होऊ शकतं. बाटली आपल्यासमोर उघडायला लावावी, नाव आणि मुदत वाचावी, किती युनिटं दिली ते लिहून घ्यावं. बियाण्याचं पाकीट घेताना आपण लॉट नंबर बघतो, पावती जपून ठेवतो. कपाळ काय बियाण्यापेक्षा स्वस्त आहे?

शिवाय सुईने सगळंच जातं असंही नाही. चेहरा सैल सोडून आरशात बघावं. आठी घातल्यावरच दिसणारी रेघ सुईने जाते. सैल सोडल्यावरही जी तिथेच बसलेली असते ती फिकी होते, पुसली जात नाही. गालाची ओघळ आणि नाकापासून ओठापर्यंतची खाच यांसाठी फिलर म्हणून वेगळीच गोष्ट भरतात, तिचा धोकाही वेगळा. आणि आमच्याकडच्या उन्हाने कातडी आतून सुटली असेल, तर त्यावर टोपी, पदर आणि सनस्क्रीन हेच, तेही वीस वर्षं आधी.

बीटीचा आणखी एक धडा इथे लागू पडतो. आमची गुलाबी बोंडअळी त्या विषाला इतकी सरावली, की २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर तिने बोंडं पोखरून ठेवली. माणसाचं शरीरही क्वचित बोटुलिनमविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि मग सुई लागू पडेनाशी होते. म्हणून तीन महिन्यांच्या आत पुन्हा टोचून घेऊ नये. हे मी मामींना सांगितलं तेव्हा त्यांनी मला अळीच्या रांगेत बसवलंस म्हणून सुनावलं. आठी न घालता.

खरं म्हणजे रूप सावरण्याचा सर्वांत मोठा खटाटोप आमच्याच तालुक्यात होऊन गेला आहे. लेण्यांना नाव अजिंठ्याचं लागलं, ते गाव सिल्लोड तालुक्यात. लेणी मात्र सोयगाव तालुक्यात, आणि हे आम्ही प्रत्येक पाहुण्याला त्याने विचारलेलं नसताना सांगतो. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचं कपाळ दीड हजार वर्षांनंतरही निवांत आहे, पण भोवतीचा गिलावा सुटत चाललेला. तेव्हा निजाम सरकारने १९२० मध्ये इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी हे दोन तज्ज्ञ आणवले. त्यांनी सुटलेले पापुद्रे चिकटवले, भेगा भरल्या, ते मोठंच काम झालं. वरून रंग पक्का राहावा म्हणून लाखेचा हात दिला. काही काळ चित्रं तकतकीत दिसली असणार. मग लाख पिवळी पडली, काळवंडली, आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ती कापसाच्या बोळ्याने पुसत बसावं लागलं. बोटॉक्सची एक गोष्ट बरी, की फसलं तरी ते चार महिन्यांत स्वतःच निघून जातं. मूळ चित्रकारांना मात्र म्हातारपणाचा संकोच नव्हता. सतराव्या लेण्यात जातककथेतला जूजक ब्राह्मण त्यांनी फटीच्या दातांसकट रंगवला, आणि पैसे मिळतात म्हणून तो खुशीत आहे. त्याला कुणी टोचून घ्यायला सांगितलं असतं, तर त्याने आधी भाव विचारला असता.

जनावरांच्या बाबतीत तर आम्ही जुने जाणते. बैलबाजारात न्यायच्या आधी शिंगं साळतात, रंगवतात, अंगाला तेल लावतात. घेणारा त्यातल्या कशाकडे बघत नाही. तो सरळ जबडा उघडतो आणि दोन दाती, चार दाती की जुळलेला ते ठरवतो. सौदी अरेबियात उंटांची सौंदर्यस्पर्धा भरते, बक्षिसं कोट्यवधींची. तिथे २०१८ साली डझनभर उंट बोटॉक्स टोचल्याबद्दल बाद झाले, आणि २०२१ मध्ये बोटॉक्स आणि तसल्याच इतर करामतींबद्दल चाळीसहून जास्त.  सोयगावचा एखादा दलाल पाठवला असता, तर सुई भरायच्या आतच त्याने उंटाचं तोंड उघडलं असतं.

पण या इंजेक्शनचा खरा उपयोग मामींच्या कपाळावर नाही, हे पारावरच्या मंडळींच्या ध्यानात आलं, तेव्हापासून गावात या विषयाला गांभीर्य आलं आहे. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर कापसाचा ओलावा यंत्राने मोजतात. आठ टक्क्यांपुढे भाव कमी होत जातो, बाराच्या पुढे माल घेत नाहीत. खेडा खरेदीला येणारा व्यापारी ओलावा कपाळाने मोजतो. ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कापूस बाहेर काढतो, दोन्ही चिमटींत धागा ओढून तोडतो आणि मग काही न बोलता भुवया जवळ आणतो. त्या दोन रेघा पडल्या, की शेतकरी स्वतःहूनच म्हणतो, "थोडी कवडी आहे, पण आतला माल चांगला आहे." तिथेच दोनशे रुपये गेले. व्यापाऱ्याने अजून तोंडही उघडलेलं नसतं.

तेव्हा एका बारावी झालेल्या पोराने मोबाइलवर हिशेब मांडला. वीस युनिटं, आठ हजार रुपये. आठीमागे क्विंटलला दोनशे वाचले तर चाळीस क्विंटलांत रक्कम वसूल, पुढचा सगळा नफा. वर्गणी काढू आणि व्यापाऱ्याला टोचून आणू! वेळापत्रकही बसतं. घटस्थापनेला सुई दिली, की पंधरवड्यात, कोजागरीला, कपाळ साफ. वेचणीचा सगळा हंगाम निघून संक्रांतीपर्यंत परिणाम टिकतो, आणि संक्रांतीनंतर कुणाच्या घरात कापूस उरलेला असतो? माणूस राजी कसा होणार, हा प्रश्न निघाला, कारण त्याच्या मर्जीशिवाय कुठलाही डॉक्टर सुई लावणार नाही. तर त्याचा सत्कार ठेवावा, शाल-श्रीफळ द्यावं आणि 'सेठ, तुम्ही हल्ली फार थकलेले दिसता' असं रांगेने सगळ्यांनी म्हणावं, असं ठरत आलं होतं.

तेवढ्यात अर्धशतकभर कापूस विकलेले एक आप्पा म्हणाले, "आठी जाईल रे भो. पण तो 'च्च' करतो, त्याचं काय?" आणि त्यांनी तो 'च्च' करून दाखवला. टाळूला जीभ लावून, मान किंचित तिरकी करून. नुसत्या प्रात्यक्षिकाने आमच्यातल्या दोघांनी भाव उतरवला असता.

पोराने लगेच मामींना फोन लावला, की जिभेला देतात का हो हे इंजेक्शन. मामी म्हणाल्या, जबड्याला देतात असं डॉक्टरबाई बोलल्या होत्या, जिभेचं विचारून सांगते. आणि देत असतील, तर व्यापाऱ्याच्या आधी तुमच्या मामांचा नंबर लावा, वर्गणी मी एकटीच भरते.